गादीतला खळगा

डेलरॉय हॉजसन माझ्याकडे राहायला आला
तेव्हा त्याच्याजवळ एक पिशवी होती, दोन ग्लव्ह
आणि मेलेल्या काकाचा कोट.
आयोवातला एप्रिल कसा असतो
हे निकाराग्वाच्या किनाऱ्यावरच्या पोराला
कोणी सांगितलंच नव्हतं.

क्लबचा माणूस म्हणाला होता, व्हर्ना, एक खोली आहे ना रिकामी?
एड गेल्यापासून
सगळंच रिकामं होतं.

डावखुरा. एकोणीस वर्षांचा.
हातावर पोट असणं म्हणजे काय
ते मला त्याला जेवताना बघून कळलं.
डावा हात मांडीवर, टॉवेलात गुंडाळलेला,
शेजारणीचं तान्हं सांभाळायला घेतल्यासारखा,
आणि उजव्यानं खायचा, सांडायचा,
सॉरी मॅडम, सॉरी मॅडम.

मी गॅरेजात एडची गादी तुळईला टांगून दिली.
तिच्यावर त्यानं माझ्या लिपस्टिकनं चौकोन काढला,
गुडघ्यापासून छातीपर्यंत.
लिपस्टिक संपली. तशीही कुठे लागत होती.

धप्प.
मका वाढत होता. धप्प.
पावसानं सामना थांबला की घरी येऊन, ओल्या बुटांनीच, धप्प.
नेहमी एकच कोपरा: बाहेरचा, खालचा,
जिथे बॅट पोचते पण उशिरा.

नऊ तासांच्या प्रवासानंतर पहाटे चारला बस त्यांना सोडायची.
बर्फाची पिशवी तोवर पाणी झालेली.
पगार विचारू नका,
आमच्या दुकानात किराणा भरणारा पोरगा जास्त मिळवतो.

मग तो वर गेला. टेनेसी.
तिथे कोपराची दोरी तुटली.
मनगटातली एक शीर काढून तिथे ओवली डॉक्टरांनी.
तो हिवाळा त्यानं माझ्या स्वयंपाकघरात काढला,
चेंडूच्या लाल शिवणीवरून अंगठा फिरवत.
टाके एकशे आठ, मीही मोजले एकदा.
त्याच्या कोपरावर एकोणीस.
खेळाला कोपरापासून नमस्कार केला असता त्यानं,
पण कोपरच वाकत नव्हतं.

पुन्हा टेनेसी. मग ओमाहा. तीन वर्षं ओमाहा.
नाताळला कार्ड यायचं, त्यात दरवेळी हेच:
गादी आहे ना?

सप्टेंबरात, रात्री पावणेबाराला फोन.
इतक्या हळू बोलला की वाटलं शेजारी कोणी झोपलंय.
व्हर्ना, वर बोलावलंय.
कुणाचा तरी खांदा गेला होता.
कुणाचं तरी काहीतरी जावंच लागतं.

मी टीव्हीसमोर बटाटे सोलत बसले.
सातवा डाव. मातीच्या उंचवट्यावर तो,
सव्वीस वर्षांचा, टोपी कानांपर्यंत.
पहिलाच चेंडू
सरळ वरच्या गॅलरीत गेला.
चाळीस हजार माणसं उभी राहिली
आणि माझ्या सुरीवर साल लोंबत राहिली.

कॅचर चालत आला. काहीतरी बोलला. दोघं हसले.
काय बोलला ते मी नंतर कधी विचारलं नाही.

मग बाहेरचा, खालचा कोपरा.
पुन्हा तोच.
टीव्हीचा आवाज मी बंद केलेला होता,
तरी मला ऐकू आलं.
तीन फलंदाज, तिघंही बॅट खांद्यावर घेऊन परत.

अकरा दिवस. चार सामने.
पुन्हा ओमाहा, मग मेक्सिको, मग गावी,
शाळेच्या मागच्या मैदानावर पोरांना शिकवतो म्हणे.
पेपरात बारीक अक्षरांची एक ओळ आहे त्याच्या नावाची,
ती वाचायला मला भिंग लागतं.

यंदा अर्कान्सासचा पोरगा आलाय, ब्रॅंट.
म्हणाला, ही घाण गादी फेकून देऊ का?
म्हटलं, आधी दहा चेंडू टाक, मग बघू.

नऊ पडले खाली, घरंगळत गेले डब्यांमागे.
दहावा त्या खळग्यात गेला
आणि तिथेच बसला.

ब्रॅंट ग्लव्ह पुढे धरून उभा,
चेंडू परत यायची वाट बघत.